वयात येणे आणि जाणते होणे

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतल्या तलाठी दप्तरातले जुने फेरफार चाळले तर एक नोंद वारंवार भेटते. खातेदार मयत होतो, वारसांची नावे सातबारावर चढतात आणि एखाद्या नावाला जोडून ‘अ.पा.क.’ ही अक्षरे येतात. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे ज्याच्या नावाने वावर लागले त्या मुलाला अजून अठरा वर्षे पूर्ण झालेली नाहीत, त्याच्या वतीने दुसरे कोणी, बहुधा त्याची आई, कारभार पाहणार आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की वयाचा दाखला जोडून अर्ज करायचा आणि तो शेरा कमी करून घ्यायचा, अशी रीत आहे.

हा ‘अज्ञान’ शब्द विचार करण्यासारखा आहे. उर्दूत अशा मुलाला नाबालिग म्हणतात. बालिग म्हणजे वयात आलेला. शब्दाचा रोख शरीराकडे आहे. मराठी कायद्याच्या भाषेने मात्र ‘अज्ञान’ आणि ‘सज्ञान’ हे शब्द स्वीकारले. त्यांचा रोख बुद्धीकडे आहे. आणि प्रत्यक्षात कायदा मोजतो ते शरीरही नाही आणि बुद्धीही नाही. तो फक्त जन्मतारीख मोजतो. सतरा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा वखर हाकत असेल, फवारणी करत असेल, बाजारात सोयाबीन नेऊन भाव ठरवत असेल, धाकट्या भावंडांच्या फिया भरत असेल, तरी दप्तरात तो अज्ञानच.

मग प्रश्न असा पडतो की, मी माझ्या कमाईवर उभा आहे, मला जाणता माना, असे एखाद्या मुलाला न्यायालयात जाऊन सिद्ध करता येते काय? अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ते करता येते. आपल्याकडे तसा दरवाजा नाही. परंतु तो कधीच नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. आपल्या कायद्याच्या इतिहासात तो होता, अधिक जुना होता, आणि १८७५ साली तो बंद झाला. हा लेख त्या बंद झालेल्या दरवाजाविषयी आहे.

अमेरिकेतील मुक्ती

प्रथम परदेशातील गोष्ट पाहू. इंग्रजी परंपरेच्या जुन्या कायद्यात अज्ञान मुलाच्या श्रमावर आणि मजुरीवर बापाचा हक्क असे. मूल दुसऱ्याकडे कामाला गेले तर मालकाने मजुरी बापाला द्यायची. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत बाप मुलाला ‘त्याचा वेळ त्याला देऊन टाकत’ असे आणि तशी जाहीर सूचना वर्तमानपत्रात छापत असे: इथून पुढे मी याच्या मजुरीवर हक्क सांगणार नाही आणि याचे कर्जही फेडणार नाही. तेथील कायद्यात मुलांच्या मुक्तीची कल्पना रुजली ती अशी, मजुरीच्या हिशोबातून. त्यात स्वातंत्र्याचे तत्त्वज्ञान पुढे आले.

या हक्काचे टोक जॅकी कूगनच्या उदाहरणात दिसते. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’ या मूकपटात काम केलेला हा मुलगा. त्याने लहानपणी लाखो डॉलर मिळवले. सज्ञान झाल्यावर पाहतो तो पैसा आई आणि सावत्र बापाने बहुतेक खर्चून टाकलेला. १९३८ साली त्याने आईवर दावा केला. हाती आले ते जेमतेम सव्वा लाख डॉलर. या प्रकरणातून १९३९ साली कॅलिफोर्नियाने बालकलाकारांच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा केला. त्याच राज्यात आज चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला मुक्तीसाठी अर्ज करता येतो. तो आईबापांच्या संमतीने किंवा मूक मान्यतेने वेगळा राहत असला पाहिजे, आपला पैशाचा व्यवहार स्वतः सांभाळत असला पाहिजे आणि त्याचे उत्पन्न गुन्ह्यातून आलेले नसले पाहिजे. अर्जासोबत मिळकत आणि खर्च यांचा तक्ता द्यावा लागतो. न्यायाधीशाची खात्री पटली तर तो मुलगा करार करू शकतो, दावा लावू शकतो, घर भाड्याने घेऊ शकतो. मतदानाचा हक्क मात्र त्याला मिळत नाही.

रुश्दची कसोटी

आता आपल्या घराकडे वळू. कुरआनच्या सूरह निसामध्ये अनाथांच्या मालमत्तेविषयी स्पष्ट आदेश आहेत. त्यांतील सहाव्या आयतीचा आशय असा: अनाथांना विवाहाचे वय येईपर्यंत पारखत राहा, त्यांच्यात समज दिसली की त्यांची मालमत्ता त्यांच्या स्वाधीन करा, ती मोठी होतील या भीतीने घाईघाईने खाऊन टाकू नका, आणि स्वाधीन करताना साक्षीदार ठेवा. येथे समज या अर्थी आलेला शब्द ‘रुश्द’ आहे. ज्याच्यात ती आहे तो रशीद. फिकहच्या पंडितांनी रुश्दचा अर्थ लावताना पैशाचा व्यवहार नीट सांभाळण्याची कुवत यावर भर दिला.

म्हणजे बुलूग आणि रुश्द या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. बुलूग शरीराचे, रुश्द व्यवहाराचे. हनफी मताचे ग्रंथ, जे मुघल आणि निजामी अमलात आपल्या भागातले काजी प्रमाण मानत, हा भेद बारकाईने करतात. अजाण मुलाचा कोणताही व्यवहार ग्राह्य नाही. बऱ्यावाईटाची समज आलेल्या मुलाला ‘मुमय्यिज’ म्हणतात. त्याच्या व्यवहारांचे तीन भाग पाडले आहेत. ज्यात त्याचा निव्वळ फायदा आहे, उदाहरणार्थ कोणी दिलेली भेट स्वीकारणे, तो व्यवहार वलीच्या, म्हणजे पालकाच्या, परवानगीशिवायही पक्का. ज्यात निव्वळ तोटा आहे, उदाहरणार्थ आपली वस्तू दान करून टाकणे, तो वलीने परवानगी दिली तरी रद्द. आणि ज्यात नफा-तोटा दोन्ही संभवतात, म्हणजे खरेदी-विक्री, तो वलीच्या परवानगीवर अवलंबून.

या तिसऱ्या भागातूनच ‘माज़ून’ ही कल्पना निघते. माज़ून म्हणजे ज्याला इजाजत मिळाली आहे असा. वलीने मुमय्यिज मुलाला व्यापाराची परवानगी दिली की तो माल घेऊ शकतो, विकू शकतो, दुकान भाड्याने घेऊ शकतो, देणे कबूल करू शकतो. प्रत्येक सौद्यासाठी बापाला विचारण्याची गरज उरत नाही. फतावा-ए-आलमगिरीत याची स्वतंत्र चर्चा आहे. मरगीनानींच्या ‘हिदाया’त आहे, ज्याचा चार्ल्स हॅमिल्टनने केलेला इंग्रजी अनुवाद १७९१ साली प्रसिद्ध झाला.

ही चर्चा एकसुरी नाही हेही ध्यानात ठेवले पाहिजे. शारीरिक खुणा दिसल्या नाहीत तर बुलूग किती वर्षांनी धरायचे? इमाम अबू हनीफांचे मत मुलासाठी अठरा आणि मुलीसाठी सतरा वर्षे; त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांचे मत दोघांसाठी पंधरा. व्यवहारात शिष्यांचे मत चालले. वयात आला पण समज आली नाही अशा तरुणाचे काय? अबू हनीफा म्हणतात, पंचवीस वर्षांपर्यंत त्याची मालमत्ता रोखून धरा, मग देऊन टाका. एवढ्या वयाच्या माणसाला मुलासारखे वागवणे बरे नाही. शिष्य म्हणतात, समज येईपर्यंत देऊ नका, मग कितीही वर्षे लागोत. एकाच घराण्याच्या गुरुशिष्यांत इतका मोकळा मतभेद आहे.

एकोणिसाव्या शतकात तुर्कस्तानच्या उस्मानी सरकारने अहमद जवदत पाशा यांच्या देखरेखीखाली हा हनफी कायदा कलमवार लिहून काढला. त्याला ‘मजल्ला’ म्हणतात. तो १८६९ ते १८७६ या काळात तयार झाला. त्यात असे आहे की वलीने मुमय्यिज मुलाला थोडी मालमत्ता देऊन व्यापार करू द्यावा, आणि रुश्द दिसली तर उरलेली मालमत्ताही द्यावी. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलाच्या व्यवहार करण्यात हित आहे असे काजीला दिसले आणि वली मात्र अडून बसला, तर काजी स्वतः परवानगी देऊ शकतो आणि मग वलीला ती मागे घेता येत नाही. आईबापांच्या मर्जीविरुद्ध न्यायालयाने मुलाला व्यवहाराची मोकळीक देणे हेच तर कॅलिफोर्नियाचा न्यायाधीश करतो!

दोन्हींत एक फरक मात्र आहे. अमेरिकेत सिद्ध करण्याचा भार मुलावर आहे. तक्ता त्याने मांडायचा, खात्री त्याने पटवायची. येथे पहिली जबाबदारी मोठ्या माणसावर टाकली आहे. पारखायचे त्याने, संधी द्यायची त्याने आणि हिशोब साक्षीदारांसमोर चुकता करायचा तोही त्यानेच.

अठराशे पंचाहत्तर

इंग्रजी सत्तेला ही पारख नको होती. तिला तारीख हवी होती. १८७२ च्या करार कायद्याने सांगितले की करार सज्ञानानेच करावा; पण सज्ञान कोण हे ज्याच्या त्याच्या धर्मकायद्यावर अवलंबून राहिले. हिंदूंचे सोळा वर्षांचे मान, मुसलमानांचे पंधरा, त्यातही पंथापंथात भेद. सावकाराला आणि न्यायालयाला दोघांनाही ही अडचण. म्हणून १८७५ चा इंडियन मेजॉरिटी ॲक्ट आला. अज्ञानपणाचा काळ वाढवणे आणि सज्ञान होण्याच्या वयात सारखेपणा व निश्चितता आणणे हा आपला हेतू त्या कायद्याने प्रस्तावनेतच सांगितला आहे. वय ठरले अठरा. आणि ज्याचा पालक न्यायालयाने नेमला असेल किंवा ज्याची मालमत्ता कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात असेल, त्याच्यासाठी एकवीस.

विवाह, मेहर, तलाक, दत्तक आणि धर्म यांना या कायद्याने हात लावला नाही. त्यातून एक विचित्र अवस्था निर्माण झाली. पंधरा वर्षांचा मुसलमान मुलगा निकाह करू शकत होता, हजारो रुपयांचा मेहर कबूल करू शकत होता, तलाकही देऊ शकत होता. पण स्वतःच्या मिळकतीतला एक बैल उधारीने घेण्याचा करार करू शकत नव्हता. बायकोचा मालक झाला तरी बैलाचा धनी नाही! बुलूग राहिले, रुश्द गेली. शरियतीतील व्यवहाराचा भाग इंग्रजी कायद्याने उचलून घेतला आणि घरगुती भाग तेवढा ‘पर्सनल लॉ’ म्हणून आपल्या पदरात टाकला. पुढे आपण त्या उरलेल्या भागालाच संपूर्ण शरियत समजू लागलो, हा या इतिहासातला मोठा धडा आहे.

मिटलेल्या दरवाजाला कुलूप लागले १९०३ साली. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने घरे गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज घेतले होते. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. ‘मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष’ या नावाने कायद्याचे विद्यार्थी ते आजही शिकतात. निकाल असा: अज्ञानाचा करार रद्द करता येण्याजोगा नव्हे, तर मुळातच शून्य. सावकाराच्या तावडीतून मुलाला सोडवणारा हा निकाल होता हे खरे. पण त्याच निकालाने मुमय्यिज आणि अजाण यांच्यातील रेषाही पुसली. सात वर्षांचा आणि सतरा वर्षांचा, दोघांचीही सही सारखीच कोरी ठरली.

वऱ्हाडाचा अज्ञान धनी

वऱ्हाडापुरती या विषयाला आणखी एक बाजू आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी. मुलूख निजामाचा, कारभार कंपनीचा आणि नंतर राणीचा. म्हणूनच ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे वऱ्हाडात आपोआप लागू होत नसत, सरकारी आदेशाने लागू करावे लागत. थोडक्यात, हा प्रांतच पालनकर्त्याच्या हाती दिलेल्या वावरासारखा होता.

१८६९ साली निजाम अफजलुद्दौला वारले आणि गादीवर आले मीर महबूब अली खान. त्यांचा जन्म १८६६ चा. म्हणजे वऱ्हाडाचे धनी त्या वेळी जेमतेम अडीच वर्षांचे होते. कारभार सालारजंग आणि अमीर-ए-कबीर पाहू लागले. सालारजंगांनी वऱ्हाड परत मिळावा म्हणून लिखापढी केली, १८७६ मध्ये ते विलायतेलाही जाऊन आले. तिकडून प्रश्न पुढे ढकलला गेला. निजाम अज्ञान आहेत, हेही त्याचे एक कारण सांगितले गेले. १८८३ मध्ये सालारजंग वारले. ५ फेब्रुवारी १८८४ रोजी लॉर्ड रिपनने हैदराबादेत येऊन सतरा वर्षांच्या निजामांना राज्याधिकार दिले. मुख्यत्यारी मिळाली, वऱ्हाड मिळाला नाही. शेवटी १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने त्याच निजामांकडून वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेतला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. १९०५ मध्ये बासीम, म्हणजे आपला वाशीम, हा तोवर स्वतंत्र असलेला जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ यांच्यात वाटला गेला. तो पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

गादीवरच्या मुलाला अठराच्या आतच जाणते ठरवता येते, आणि छत्तीस वर्षांच्या जाणत्या माणसालाही स्वतःची मिळकत परत मिळत नाही. पालनकर्ता बळकट असला की वयाचा हिशोब कसा फिरतो, ते या प्रकरणात दिसते.

आईची सही

आता सामान्य घराकडे येऊ. कास्तकार मरतो, मागे बायको आणि मुले. तलाठी अ.पा.क. म्हणून आईचे नाव लिहितो. लोकांना वाटते, आई झाली पालक, संपला प्रश्न. पण मुस्लिम कायद्यात मुलाच्या मालमत्तेचे पालक असे: बाप, बापाने मृत्युपत्राने नेमलेला माणूस, आजा, आणि आजाने नेमलेला माणूस. आई या यादीत नाही. तिला मुलाचा सांभाळ करण्याचा हक्क आहे, मिळकतीचा नाही. १९१८ साली ‘इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी’ या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हे पक्के केले: मुलांना सांभाळणारी आईसुद्धा त्यांच्या स्थावराची विक्री करू शकत नाही, तिने केलेली विक्री मुलांना बांधत नाही. स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तोच नियम धरला. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे आईच्या बाजूने घटनेतील समानतेचा मुद्दा मांडला गेला, तेव्हाही वरच्या निकालांमुळे आपले हात बांधलेले आहेत असेच न्यायालयाला म्हणावे लागले.

हिंदू आईलाही मुलाची जमीन विकताना न्यायालयाची परवानगी लागते, पण १९५६ च्या कायद्याने बापामागे ती नैसर्गिक पालक असते. मुसलमान आईला आधी १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टखाली स्वतःला पालक नेमून घ्यावे लागते आणि मग विक्रीची परवानगी मागावी लागते. आणि येथेच १८७५ च्या कायद्याचा दुसरा भाग आडवा येत असे. न्यायालयाने पालक नेमला की मुलाचे सज्ञान होण्याचे वय अठरावरून एकवीसवर जाई. म्हणजे जी आई कायद्याच्या वाटेने गेली तिचा मुलगा तीन वर्षे जास्त अज्ञान राहिला आणि जी गेली नाही तिचा मुलगा अठराव्या वर्षी मोकळा झाला. हिंदू घरात न्यायालयाने पालक नेमला तरी हाच नियम होता. परंतु मुसलमान विधवेपुढे दुसरी वाटच नसल्याने त्याचा काच तिच्या घराला अधिक होता. तब्बल १२४ वर्षांनी, १९९९ च्या दुरुस्तीने, हा फरक गेला आणि सर्वांसाठी अठरा हेच वय ठरले. या दुरुस्तीचा गाजावाजा झाला नाही. आपल्या समाजातही तिची चर्चा फारशी झाली नाही.

१८९० च्या कायद्यात रुश्दचा एक कवडसा मात्र उरला आहे. पालक नेमताना मुलाला समजूतदार पसंती सांगण्याइतके वय असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते. त्याने पैसा कसा सांभाळला हे विचारत नाही. तुला कोणाकडे राहायचे, एवढेच विचारते.

शेतकरी आत्महत्यांच्या काळात या प्रश्नाला धार आली. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता. मदतीचा, कर्जाचा, व्याजमाफीचा विचार झाला. पण बाप गेल्यावर ज्याने वखर हाती घेतले तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा कोणत्या रकान्यात बसतो, हे विचारले गेले नाही. पीककर्जाचा करार त्याला करता येत नाही, कारण तो अज्ञान. सोसायटीचे सभासद व्हायला करार करण्याची पात्रता लागते, ती नाही. घर मुसलमानाचे असेल तर आईचीही सही अपुरी. मग उरतो तो सावकार, ज्याला कागदाची घाई नसते.

उचल

येथवर वाचून कोणाला वाटेल की जुना दरवाजा उघडा, कमावत्या मुलाला जाणता ठरवा, प्रश्न सुटेल. तसे म्हणण्यापूर्वी कमावत्या मुलांचा इतिहासही पाहिला पाहिजे.

वऱ्हाड कापसाचा मुलूख. कारंजासारख्या पेठा कापसावर उभ्या राहिल्या, जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा सात वर्षांखालील मुलांना कामास ठेवू नका असे सांगत होता. पण तो शंभर कामगारांच्या आणि वर्षात किमान चार महिने चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. हंगामी जिनिंग त्यातून सहज निसटे. १८९१ मध्ये वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा, १९४८ मध्ये चौदा. शेतात तर तोही कायदा नव्हता. बाप सालदारीची उचल घेई आणि पोरगा मालकाची ढोरे राखी. कमाई पोराची, उचल बापाची, आणि फेडायची ती पोराच्या वर्षांनी.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात विड्यांच्या आणि गालिच्यांच्या कारखान्यांतली हीच उचल नोंदवली. त्यावरून १९३३ साली मुलांचे श्रम गहाण ठेवण्याविरुद्ध कायदा झाला. पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम गहाण टाकण्याचा बापाने केलेला करार शून्य. बापाला ५० रुपयांपर्यंत आणि करार करून घेणाऱ्या मालकाला २०० रुपयांपर्यंत दंड. कायद्याने प्रथमच मान्य केले की धोका कधी कधी बाहेरच्या सावकाराकडून नसतो, घरातल्या बापाकडून असतो. हे मान्य करणे सोपे नव्हते. बापही गरिबीने गांजलेला असतो, आणि त्याला गुन्हेगार म्हणताना जीभ जड होते.

म्हणूनच अमेरिकेतील कसोटी जशीच्या तशी आणणे धोक्याचे आहे. कमाई दाखवा आणि मोठे व्हा, असा नियम आपल्या जिल्ह्यात केला तर त्याचा पहिला उपयोग वीटभट्टीचा ठेकेदार करील. पोरगा सज्ञान आहे, त्याने स्वखुशीने करार केला आहे, असे तो म्हणेल. शाळेतून मुले काढायला आणखी एक कारण मिळेल. १९०३ चा निकाल कठोर असला तरी ठेकेदारापुढे तोच पोराची ढाल आहे.

तुकड्यातुकड्यांनी

सर्वच कायद्यांनी कमावत्या मुलाकडे पाठ फिरवली आहे असेही नाही. काही जागी त्याची कमाई त्याची म्हणून ओळखली गेली आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने पंधरा वर्षांच्या कामगाराला युनियनचे सभासद होता येई आणि सभासद म्हणून लागणाऱ्या कागदांवर त्याची सही चाले. १९३२ च्या भागीदारी कायद्याने अज्ञान मुलाला भागीदारीच्या नफ्यात घेता येते, तोटा त्याच्या अंगावर पडत नाही. हा तर हनफी पंडितांचा ‘निव्वळ फायदा’ झाला. १९९२ साली आयकराच्या कायद्यात अज्ञान मुलाचे उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवण्याचे कलम आले, पण अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले उत्पन्न त्यातून वगळले. २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराच्या उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवणे बंधनकारक केले. कूगनचा धडा आपण ७८ वर्षांनी घेतला, तोही फक्त पडद्यावरच्या मुलांसाठी. आणि रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये, आणि पुन्हा २०२५ मध्ये, दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवू देण्याची मुभा बँकांना दिली आहे. रकमेची मर्यादा बँकेने ठरवायची.

कमाईच्या हक्काची ही झुंज एकट्या मुसलमानांची नाही. मिताक्षरी एकत्र कुटुंबात, घरच्या पैशाने शिकलेल्या मुलाची वकिलीची किंवा नोकरीची कमाईसुद्धा कुटुंबाची म्हणून मागितली जाई. तो मुलगा चाळिशीतला असला तरी! मुकुंदराव जयकरांनी पुढाकार घेतल्यावर १९३० साली विद्येने मिळवलेले धन ज्याचे त्याचे, असा कायदा झाला. उलट हनफी कायद्यात मुलाची मिळकत पहिल्यापासून मुलाची. बाप तिचा विश्वस्त, मालक नव्हे. गरजू बापाचा निर्वाह मुलाच्या पैशातून होऊ शकतो, पण ती गरज असते, मालकी नसते. आपल्या घराघरांत मात्र बेट्याची मजुरी बापाच्या खिशात जाणे हाच धर्म समजला जातो. आणि बेटीच्या शिवणकामाचे पैसे तर कोणाच्याच हिशोबात नसतात.

मुलींची बाजू येथे मुद्दाम मांडली पाहिजे. १९३९ च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्याने तिला खियार-उल-बुलूगचा हक्क दिला: बापाने किंवा पालकाने पंधरा वर्षांच्या आत लावलेला निकाह, पतीशी संबंध आलेला नसल्यास, तिला अठरा वर्षांच्या आत नाकारता येतो. म्हणजे बापाने शरीराविषयी घेतलेला निर्णय नाकारण्याची वाट तिला मिळाली. बापाने किंवा चुलत्याने तिच्या वाट्याच्या वावराविषयी घेतलेल्या निर्णयाला मात्र ती अठराव्या वर्षापर्यंत स्वतःच्या नावाने आव्हान देऊ शकत नाही; कोणीतरी मोठे माणूस तिच्या वतीने उभे राहावे लागते. आणि अठरा होईतो बहुधा ती सासरी गेलेली असते आणि हक्कसोडपत्रावर अंगठा उमटलेला असतो.

तेव्हा करायचे काय? वयाची अठराची भिंत पाडायची गरज नाही; ती दुबळ्यांसाठी आहे. पण त्या भिंतीच्या आत दोन-तीन गोष्टी करता येतील. मुस्लिम आईला बापामागे मुलाच्या मिळकतीची पालक मानले पाहिजे. बाप आपल्या हयातीत तिला मृत्युपत्राने पालक नेमू शकतो, ती वाट हनफी कायद्यात आजही खुली आहे. एका कागदाचे काम आहे. ते आपल्या मस्जिदींच्या कमिट्यांनी आणि वकिलांनी लोकांना सांगितले पाहिजे. चौदा ते अठरा वयाचा जो मुलगा किंवा मुलगी कायदेशीर काम करते, तिची मजुरी तिच्याच खात्यात पडली पाहिजे. आणि अ.पा.क. असलेल्या व्यक्तीने, मग ती आई असो वा चुलता, शेरा कमी होताना मागील वर्षांचा हिशोब मुलापुढे ठेवला पाहिजे. साक्षीदार ठेवा, असे चौदाशे वर्षांपूर्वी सांगितले गेले ते याचसाठी.

हे शेवटचे काम कायद्याची वाट न पाहता होण्यासारखे आहे. घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला आणि मुलीला खात्याचे पासबुक दाखवावे, पेरणीच्या खर्चाची वही त्यांच्याकडून लिहून घ्यावी, पाच-सातशे रुपयांचा एखादा सौदा त्यांना करू द्यावा, चुकला तर शिकू द्यावा. जाणतेपणा तारखेने येत नाही, तो हातात काही दिल्यावर येतो. आणि अठरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी तलाठ्याकडे अर्ज घेऊन जाताना पालनकर्त्यानेच बरोबर जावे.